पाटाला साक्षीदार नसतो

अकोल्याच्या कचेरीतला तो कारकून आज जिवंत असेल असं वाटत नाही, आणि असला तरी त्याच्याबद्दल मला चांगलं बोलायचं नाही. दहा महिने त्याने मला एकच वाक्य ऐकवलं. "पेशी लागली की चपराशी घरी येईल." वर न बघता, कानात काडी घालत.

पेशी म्हणजे साहेबासमोर उभं राहण्याची तारीख. त्या दिवशी साहेब मला आणि माझ्या साक्षीदारांना विचारणार होता, की ही बाई खरंच या माणसाची बायको आहे का. खात्री पटली तर दाखला देणार होता. तो दाखला हातात नसला तर आफ्रिकेतलं सरकार मला बोटीवरून खाली उतरू देणार नव्हतं.

माझा नवरा जिनातला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातला, फिटर. लढाई संपली त्या वर्षी एका व्यापाऱ्याच्या माणसाने त्याला सांगितलं, की युगांडा नावाच्या मुलखात आपल्यासारखाच कापूस पिकतो आणि तिथल्या जिनांना वऱ्हाडातले हात हवे आहेत. तो गेला. तिथे बस्तान बसल्यावर त्याने बायकोला आणण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. मुदत एक वर्षाची. वर्षात मी पोचले नाही तर परवानगी रद्द, आणि पुन्हा मिळेलच असं नाही, असं त्याने पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मला मूलबाळ नव्हतं. आमच्या गल्लीतल्या बाया माझ्यासमोरच म्हणायच्या, "आता थो तिथंच दुसरी करीन." मी त्यांच्या दारावरून जायचंच सोडलं.

दर सोमवारी मी कचेरीत जायची. सून एकटी कचेरीत गेली तर लोक काय म्हणतील, म्हणून सासू बरोबर यायची. ती बाहेर कडुलिंबाखाली बसून तंबाखू मळायची आणि मी आत कारकुनाच्या टेबलासमोर उभी राहायची. बसायला कधी कुणी सांगितलं नाही. एकदा उन्हाने मला घेरी आली, मी भिंतीला टेकले, तर तो म्हणाला, "बाई, भिंतीला नुकताच चुना दिला आहे." ते वाक्य मी आजपर्यंत विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

अर्ज माझा, पण तो भरला माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने. त्या घरात मी एकटी चौथी पास होते. तरी कागद मला कुणी दाखवला नाही आणि मला मागता आला नाही. भासऱ्याशी थेट बोलायचं नाही ही आमची रीत. काही सांगायचं तर सासूला सांगायचं, ती नसली तर दाराकडे तोंड करून सांगायचं. मी त्या दाराशी पुष्कळ बोलले. "अर्जात काय लेहलं ते कोनी सांगन का," असं तीनदा विचारलं. पलीकडून भासरे दारालाच म्हणाले, "जे लेहाचं ते लेहलं. बायकांनं त्यात पडू नये."

आठव्या महिन्यात कारकुनाचं काहीतरी बिनसलं होतं. मी विचारायच्या आत त्याने माझी फाईल टेबलावर आपटली. "अमरावतीहून चौकशीचं उत्तर आलं आहे. तुमच्या भासऱ्यांनी लिहून दिलं, की लग्न अमरावतीला मुलीच्या बापाच्या मांडवात भटजींनी लावलं. तुमचे वडील सांगतात, माझ्या दारात असं लग्न झालंच नाही. आणि नवरा तिकडून लिहितो, पाट. आता तुम्हीच सांगा, तुम्ही नक्की कोण आहात?"

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. तोंड उघडलं असतं तर शिवीच निघाली असती, म्हणून मी तशीच बाहेर पडले.

खरं नवऱ्यानेच लिहिलं होतं. माझं पहिलं लग्न अकराव्या वर्षी झालं आणि तेराव्या वर्षी मी विधवा होऊन बापाच्या मळ्यात परत आले. वांगी खुडली, झेंडूचे हार ओवले, आणि वयाची वीस वर्षं झाल्यावर अकोल्याच्या या फिटरशी माझा पाट लागला. विधवेला दुसरा नवरा करून देण्याची ही आमच्या माळ्यांतली जुनी रीत आहे. जातीची मान्यता असते, पंच असतो, त्यात चोरटं काही नाही. पण तो लावतात चोरासारखाच. दिवसाउजेडी लागत नाही, वाजंत्री नसते, भटजी नसतो, मांडव नसतो. आणि सवाष्ण बाईने तो बघायचा नाही. बघितला तर तिच्या कुंकवावर येतं, असं मानतात. माझा पाट सासरच्या मागच्या अंगणात लागला. सासरे, माझा बाप, एक म्हातारा पंच आणि माझी विधवा आत्या एवढीच माणसं. सासू तेव्हा सवाष्ण होती, तिला आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. भासरे त्या दिवशी मुद्दाम मूर्तिजापूरला जाऊन बसले, कारण घरात पाटाची बायको येणं त्यांना पसंत नव्हतं. सकाळी गल्लीला सांगण्यात आलं, की लग्न अमरावतीला झालं आणि वरात पहाटे परतली.

हे खोटं मी चार वर्षं गिळलं. गल्लीशी खोटं बोलणं एक, पण भासऱ्यांनी तेच सरकारी कागदावर चढवलं. कारण अर्ज लिहून देणारा अर्जनवीस आमच्याच गल्लीतला होता. त्याच्यासमोर पाट हा शब्द उच्चारला तर इभ्रत जाईल, म्हणून त्यांनी मांडव, भटजी, मुहूर्त सगळं सांगितलं. त्यांची इभ्रत राहिली आणि माझे आठ महिने मातीत गेले.

मी बापाकडे गेले. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरले तेव्हापासून मनात भांडत होते. बाप विहिरीवर मोट हाकत होता.

"बाबा, तुमी असं कावून सांगतलं?"

"सरकारी मानसानं इचारलं, लग्नाचा मांडव पडला का दारात. मी म्हनलं, हिच्या पहिल्या लग्नात पडला होता, मंग नाई पडला. खोटं बोलू का?"

"पाट लागला अकोल्याले, एवढं तरी सांगाचं."

"त्यानं इचारलंच नाई."

असा माझा बाप. भासऱ्यांनी न विचारता खोटं सांगितलं आणि बापाने विचारल्याशिवाय खरं सांगितलं नाही. दोघांच्या मध्ये मी. त्या दिवशी मी त्याच्या घरी पाणीही न पिता परत फिरले. आता वाटतं, प्यायला हवं होतं. तेव्हा वाटलं नाही.

परत आल्यावर मी माझ्या हाताने अर्ज लिहिला. मी विधवा होते, अमुक ठिकाणी माझा पाट लागला, भासऱ्यांनी लिहून दिलं ते खरं नाही. कारकुनाने तो वाचला, पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हे तुम्ही लिहिलंत?" घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. भासरे सासूला म्हणाले, "सांग तिले, मी काई कचेरीत येत नाई. खोटं लेहलं म्हनून माह्या हातात बेड्या पडतीन. नवऱ्याकडं जाचं हाय तर तिचं तिनं पाहावं." गल्लीतल्या बायांना दोन दिवसांत सगळं कळलं. एका हळदीकुंकवाला माझ्या कपाळाला कुंकू लावायचं टाळण्यात आलं. मी ताट उलटं करून उठून आले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मुदत संपायला सहा आठवडे उरले तेव्हा पेशी लागली.

साहेब आपल्याच मुलखातला होता, नागपूरकडचा, चष्मा लावणारा. आवाज चढवत नव्हता, पण घड्याळ बघत होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मग कागद बाजूला सारले. "बाई, एकाच घरातून दोन जबान्या आल्या आहेत. तुमच्या वडिलांचं ऐकून चालणार नाही, ते तुमचे वडील आहेत आणि त्यांनी आधी वेगळं लिहून दिलं आहे. नवऱ्याच्या घरातलं कुणीतरी हवं. ज्याने तो विधी डोळ्यांनी पाहिला असं कुणीतरी."

मी सांगितलं, सासरे पाटानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत वारले. पंच गेला. आत्याही गेली. भासरे त्या दिवशी घरी नव्हते.

"मग मी काय करू?" साहेब म्हणाला. "पुरावा आणा, पुढची पेशी देऊ."

पुढची पेशी म्हणजे मुदतीनंतरची पेशी, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होतं. मी हात जोडले नाहीत. मला त्या सगळ्यांचा इतका संताप आला होता, की हात जोडायला उचलले असते तर ते जोडले गेले नसते.

तेवढ्यात इतका वेळ दाराशी उभी राहून ऐकणारी सासू आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. चपराशी अडवत होता, ती त्याला ढकलून टेबलापर्यंत आली. पांढऱ्या कपाळाची, काटकुळी बाई, तंबाखूने काळे झालेले दात. माझ्याशी बोलताना ती गेली चार वर्षं चुलीकडे नाही तर जमिनीकडे बघत आली होती. विधवा असून तिच्या मुलाची बायको झालेली मी तिला नजरेसमोर नको असते, असं मी धरून चालले होते.

"मी पाह्यलं," ती साहेबाला म्हणाली.

"तुम्ही तिथे होता?"

"घरातच होती. मले भिताडाकडं तोंड करून बसवलं होतं. मी उठली अन् दाराच्या फटीतून पाह्यलं. माह्या पोरानं इच्या गळ्यात पोत बांधली. हे थरथर कापून रायली होती. पाहू नये थे मी पाह्यलं. मंग आठव्या महिन्यात माहा मालक गेला. मंगळवारी ताप आला अन् शुक्रवारी गेला. इच्यापायी गेला. हे लेहा साहेब. हे बी लेहा."

साहेबाने चष्मा काढला. "आजी, ही तुमच्या मुलाची बायको आहे, असं तुमचं म्हणणं आहे ना?"

"हाय ना. नसती तर माहा मालक कायले मेला असता?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की समोरचं दिसेना. चार वर्षं ही बाई माझ्या हातचं खात होती आणि मनात मला नवऱ्याची मारेकरी समजत होती. मी काही बोलणार, तर साहेबाने हाताने मला गप्प केलं आणि कारकुनाला लिहायला सांगितलं. कारकुनाने लिहिलं. सासूच्या अंगठ्याला शाई लावली, अंगठा दाबला. तिच्या जबानीखाली "वाचून दाखविली, कबूल आहे" असं होतं, पण वाचून कुणीच दाखवली नाही. मला खाली सही करायची होती, म्हणून मी वाचली. एकच ओळ होती. "साक्षीदार ही सदर विवाहप्रसंगी घरात हजर होती व तिने विवाह समक्ष पाहिला." बस. सासऱ्यांचा ताप नाही, शुक्रवार नाही, त्यांचं नावसुद्धा नाही.

मी सही केली. दाखला तिसऱ्या दिवशी मिळणार होता.

कचेरीतून आम्ही पायीच निघालो. ऊन होतं. ती पुढे, मी दोन पावलं मागे. मला तिचा राग होता, तो आजही पुरता गेलेला नाही. तिने माझ्यासाठी साक्ष दिली असं कुणी म्हटलं तर मी ते मान्य करत नाही. ती फिर्याद घेऊन आत आली होती. चार वर्षं ती फिर्याद तिने कुणालाच सांगितली नव्हती, कारण सांगायची तर आपण फटीतून बघितलं हेही सांगावं लागलं असतं.

कापूसबाजाराच्या कोपऱ्यावर ती थांबली.

"लेहलं का त्यानं सगळं?"

"लेहलं."

"मालकाचं बी?"

"त्याहिचं बी लेहलं."

"मी पाह्यलं म्हनून थे गेले, हे?"

"हो. सरकारी कागदावर हाय."

तिने पदराने तोंड पुसलं.

"मंग जाय आता," ती म्हणाली.