सन्मानाच्या खोक्यांची खोली

"म्हणजे आता माझ्याच घरात, माझ्याच बाथरूमबाहेर, मी टॉवेल घेऊन ताटकळत उभं राहायचं. आणि आत कोण आहे हेही विचारायचं नाही!"

"विचारा की. काजवाली आहे. झालं समाधान? आता काय, तिला हाक मारून बाहेर काढणार आहात?"

"अगं, मला ऑफिसला जायचंय," नवरा म्हणाला.

"मग जरा लवकर उठत जा. तिलाही खाली जाऊन मशीनवर बसायचंय."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. भांडणात थेट पडायचं नाही, पण ते विझूही द्यायचं नाही, ही त्यांची जुनी पद्धत. "मी काही बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पण काल ती जाडी आली, ती दिवा चालूच ठेवून गेली. परवा ती बटणवाली, ती माझं पायपुसणं सरळ ओलांडून गेली. दिवसभर नुसती रीघ लागलेली असते माझ्या ओट्यासमोरून. दूध उतू गेलं तरी लाज वाटते बाई."

आतला नळ एकदम बंद झाला. दार उघडलं आणि काजवाली बाहेर आली. फरशी ओली व्हायला नको म्हणून चपला हातात, मान खाली. तिघांच्या मधून अंग चोरत ती जिन्याकडे गेली, तेव्हा तिघांनाही एकाच वेळी भिंतीवरच्या घड्याळात फार रस वाटू लागला.

जिन्याखाली ताईचा, म्हणजे या घरच्या सुनेचा, कारखाना होता. वर राहायचं, खाली कमवायचं. खाली डझनभर बायका उशांचे अभ्रे आणि सुती गाऊन शिवायच्या; काजं करणारी काजवाली, जाडी, बटणवाली त्यांतल्याच. "मला मालकीण म्हणायचं नाही, ताई म्हणायचं, आपण सगळे एक कुटुंब," हे तिनेच पहिल्या दिवशी सांगून ठेवलेलं. त्यामागे प्रेम होतंच. पण ताईकडे पगारवाढ मागायला जीभ जरा जड होते, हा फायदाही तिच्या नजरेतून सुटला नव्हता. ती काही इतकी भोळी नव्हती.

लग्नानंतर गॅलरीत एका मशीनवर तिने सुरुवात केली होती. शेजारणींचे पडदे आणि दुसऱ्यांच्या बाळांची दुपटी शिवता शिवता गॅलरी पुरेना, मग खालचे भाडेकरू गेले तसा तळमजला तिने ताब्यात घेतला. नवरा तेव्हा म्हणाला होता, "बघ बाई, झेपेल तेवढंच घे." झेपेल तेवढं म्हणजे किती, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

मग आली ती सन्मानाची ऑर्डर.

व्यापारी संघाच्या बैठकीत एका मोठ्या कंपनीच्या बाई बोलायला आल्या होत्या. मुली वयात आल्या की महिन्याचे ते दिवस शाळा बुडवतात, मग शाळाच सोडतात, असं त्यांनी सांगितलं. ताईला मनापासून भरून आलं. डोळे पुसता पुसता तिला आठवलं की गाऊन बेतल्यावर उरलेल्या सुती कापडाचा ढीग कोपऱ्यात छताला टेकला आहे. कळवळा आणि कापड तिच्याकडे एकाच वेळी उरलं होतं, आणि दोन्हींचा एकदमच उपयोग झाला. कापडी पॅड, सोबत एक साबण, एक पिशवी आणि माहितीचा कागद. कंपनीने त्याला नाव दिलं 'सन्मान संच'. खोक्यावर गुलाबी अक्षरांत छापलं, 'तिचा सन्मान, आपली जबाबदारी'. संच शाळांमध्ये जाऊ लागले. मुलींची पत्रं आली, ती खरी होती, आणि ती वाचताना ताई खरंच रडली. संघाने तिला मानचिन्ह दिलं. ते टीव्हीच्या पुढ्यात ठेवलं होतं. टीव्ही बघताना नवऱ्याला ते मधे यायचं, पण सन्मान म्हटला की थोडा मधे येणारच.

अडचण एवढीच झाली की खोकी ठेवायची कुठे. कारखान्यात कापडाचे तंतू उडतात, माल पांढरा, जरा डाग पडला की परत येणार. कंपनीचा हुकूम होता, जागा स्वच्छ, कोरडी आणि कुलूपबंद हवी. तळमजल्यावर अशी एकच जागा निघाली. छतापर्यंत फरशा बसवलेली, दाराला कुलूप असलेली. खालचा संडास.

"चार दिवसांचा प्रश्न आहे," ती बायकांना म्हणाली. तिने स्वतः उभं राहून तो फिनेलने धुवून घेतला, नळ बंद केला, भांड्यावर फळी टाकली, फळीवर प्लास्टिक आणि प्लास्टिकवर सन्मान. तोपर्यंत तुम्ही वरचं बाथरूम वापरा, घर तुमचंच आहे! चार दिवसांनी ती खोकी गेली आणि नवी आली. ती गेली, त्याहून जास्त आली. घर मात्र बायकांचं काही झालं नाही. ते सासूबाईंचंच राहिलं.

तर त्या सकाळच्या भांडणानंतर ताईने पदर खोचला. भांडण झालं की तिच्या डोक्यात लगेच व्यवस्थापन शिरायचं. वरच्या बाथरूमला मागच्या जिन्याच्या बाजूने एक बंद दार होतं. ते तिने उघडून घेतलं आणि त्याला कुलूप लावलं. आता बायका मागूनच येणार आणि मागूनच जाणार. स्वयंपाकघर सुटलं, पायपुसणं सुटलं. किल्ली हरवू नये म्हणून ती दोऱ्याच्या एका मोठ्या रिळाला बांधली आणि ते रीळ सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी खिळ्याला टांगलं. खिळा होता कटिंग मास्तरांच्या टेबलावरच्या भिंतीत. मास्तर म्हणजे देवमाणूस. साठी उलटलेली, कानाने जरा कमी, पण जागा सोडून हलणार नाहीत. किल्ली सुरक्षित राहायला याहून चांगली जागा नव्हती.

आणि काय सांगावं, जादू झाली! दोन दिवसांत वरची वर्दळ निम्म्यावर आली, आठवड्यात जवळजवळ थांबली. नवरा निवांत आंघोळ करू लागला. आंघोळीत गाऊही लागला, हा तोटा धरला तरी एकूण फायदाच.

"बघा," ताई जेवताना म्हणाली, "माणसं वाईट नसतात. शिस्त नसते. शिस्त लावली की सगळं आपोआप सुरळीत होतं."

"खरंय बाई," सासूबाई म्हणाल्या. "उगाच येत होत्या मेल्या, वारा खायला."

पुढच्या बैठकीत हे सांगायचं, असं ताईने मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं. 'छोटा बदल, मोठा परिणाम.' मथळा तयार होता.

त्यानंतर काही दिवसांनी काजवाली आली नाही. ताप आहे, असा निरोप आला. गाऊनचा माल संध्याकाळी जायचा होता, आणि काजं तिच्यासारखी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. फक्त ताईला यायची. हात अजून गेला नाही हे दाखवायची संधी आयती आली होती. ती थाटात काजवालीच्या स्टुलावर बसली, सकाळी दोन कप चहा प्यायली, बाटलीभर पाणी प्यायली आणि कामाला लागली.

जेवणाची सुट्टी होऊन गेल्यावर तिला जावंसं वाटलं.

वर आपल्या घरी जायचं, त्यात काय? पण पुढच्या जिन्याने गेलं तर सासूबाई विचारणार, काम सोडून आलीस का. आणि आपण लावलेला नियम आपणच पाळला तर बायकांवर काय छाप पडेल! ती झोकात उठली आणि मास्तरांच्या टेबलाशी गेली. रिळाकडे हात करणार, तोच मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांच्या भिंतीवरची कात्री एकदा गेली होती, तेव्हापासून भिंतीकडे हात गेला की विचारायची त्यांना सवय होती. कानाने कमी असल्यामुळे ते विचारायचे तेही डझनभर मशीनच्या वर ऐकू जाईल असं.

"काय हवंय?"

सगळी मशीन चालू होती. तरी ताईला वाटलं, ती एकदम थांबली आहेत. समोर वडिलांच्या वयाचा माणूस. उत्तर दिलं की तो ते मोठ्याने परत म्हणून पक्कं करून घेणार, हेही माहीत. व्यापारी संघापुढे माइक हातात घेऊन मासिक पाळीवर खणखणीत बोललेल्या या बाईने हात मागे घेतला.

"खडू," ती म्हणाली.

"खडू!" मास्तर म्हणाले आणि त्यांनी डब्यातून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढून दिला.

ती खडू घेऊन परत आली. काजं करायला खडू लागत नाही. तो ठेवायला तिने काजवालीच्या मशीनचं ड्रॉवर उघडलं. ड्रॉवर खडूंनी भरलं होतं. निळे, पांढरे, गुलाबी, एकही न वापरलेला.

तिने आपला खडूही त्यांत टाकला. मग तिने शेजारच्या जाडीला म्हटलं, "तुझं ड्रॉवर उघड बरं."

जाडीने आधी आढेवेढे घेतले, मग उघडलं. तिच्याकडे खडू होते, शिवाय तीन मोजपट्ट्या. बटणवालीकडे सुयांची पाकिटं निघाली. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळ्याच हसत सुटल्या.

"काय झालं?" मास्तर ओरडले.

"काही नाही मास्तर, खडू संपले!" जाडी ओरडली, आणि बायका मशीनवर डोकी टेकून हसल्या. ताईही हसली. तिच्या त्या अवस्थेत हसणं धोक्याचं होतं, तरी हसली.

"मग करता काय तुम्ही दिवसभर?" तिने हळूच विचारलं.

"पाणीच पीत नाही ना," बटणवाली म्हणाली. "घरून निघाल्यापासून घरी जाईपर्यंत."

"मला बोलायचं नाही का गं कुणी?"

"काय बोलणार ताई," जाडीने डोळे पुसत सांगितलं, "तुम्हीच म्हणता ना, आपण एक कुटुंब. कुटुंबात कुठं कोण बोलतं असलं?"

ताई उठली आणि भर दुपारी पुढच्या जिन्याने, सासूबाईंच्या ओट्यासमोरून, पायपुसणं ओलांडून धावत वर गेली. सासूबाईंनी "काय गं?" म्हटलं, ते तिने ऐकलंही नाही.

संध्याकाळी ती काजवालीकडे गेली. एकच खोली, खिडकीशी कॉट. काजवाली उशीला टेकून बसली होती, डोळे खोल गेलेले. उशाशी पाण्याचा तांब्या. काजवालीच्या जावेने ताईला खुर्ची दिली आणि ती दाराशीच उभी राहिली, हाताची घडी घालून.

"लघवीचा त्रास झालाय," काजवाली खालच्या आवाजात म्हणाली. "आधी नुसती जळजळ होती, मी अंगावर काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडापर्यंत गेलंय. पुन्हा झालं तर भरती करावं लागेल. म्हणाल्या, भरपूर पाणी पी आणि आली की लगेच जात जा."

"मग घे की पाणी भरपूर," ताई म्हणाली. तोंडातून निघाल्यावर ते तिलाच ऐकू आलं.

"पिते ताई. पण मग तुमच्याकडं कशी येऊ?" ती रागावलेली नव्हती. अडचण सांगावी तसं तिने सांगितलं. "काम मला सोडायचं नाही. दुसरं काही येतही नाही मला. पण पाणी प्यायलं तर तिथं बसवत नाही, आणि नाही प्यायलं तर मरते."

"तुमच्याकडंच शिवतात ना ती मुलींची पाकिटं?" जाऊ दारातून म्हणाली. "सन्मानाची? आमच्या पोरीच्या शाळेत आली होती. छान आहेत हां. मऊ आहेत."

ताई खुर्चीवरून उठली.

परत येताना रस्त्याने ती स्वतःशीच बोलत होती. 'मित्रहो, त्या दिवशी एका साध्या खडूने माझे डोळे उघडले...' एवढं झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण भाषण रचतो आहोत. काजवालीचा ताप अजून उतरलेला नाही, आणि आपण त्याला टाळ्यांच्या जागा शोधतो आहोत! ती भर रस्त्यात थांबली आणि तिने स्वतःला एक अस्सल शिवी दिली. शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याला वाटलं ती आपल्यालाच दिली. त्याने घंटी वाजवून परतफेड केली.

घरी पोचली तेव्हा नवरा फोनवर होता. फोन ठेवून उत्साहाने म्हणाला, "कंपनीचा फोन होता. खूश आहेत तुझ्यावर! दुप्पट माल मागतायत पुढच्या महिन्यापासून. मी म्हटलं, हो म्हणायला काहीच हरकत नाही."

"ठेवायचा कुठे?" तिने विचारलं.

"आहे तिथेच. अजून वर छतापर्यंत रचता येतील की."

"आणि मागचं कुलूप आहेच," सासूबाई पानं घेता घेता म्हणाल्या. "आता काही त्रास राहिला नाही."

ताई हात धुवून पाटावर बसली. भात वाढून घेतला, कालवला, पण घास उचलला नाही.

"उद्या सकाळी खालची सगळी खोकी वर येतील," ती म्हणाली. "आपल्या झोपायच्या खोलीत. पलंग भिंतीला उभा करायचा. आपण दोघं इथे, बाहेरच्या खोलीत, आईंच्या शेजारी झोपायचं."

"इथे? माझ्या डोक्याशी?" सासूबाई म्हणाल्या.

"हो. दुप्पट माल मी घेत नाही, तसं मी त्यांना कळवते. खालचा संडास दुपारपर्यंत मोकळा होईल. त्याला आतून कडी लागेल, बाहेरून कुलूप लागणार नाही, आणि किल्ली कुणाकडेच राहणार नाही."

नवऱ्याने घास हातातच ठेवला. "अगं पण, किती दिवस?"

"गोदाम मिळेपर्यंत. नाही मिळालं तर कायमचं. वाढा आई, भाजी."