उकळलेली पट्टी

आमच्या ह्यांनी रांझीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं काढली, पण त्यांचा चढलेला आवाज कधी कुणी ऐकला नाही. साहेबाची बोलणी, कामगारांची कुरकुर, सगळं गिळायचं आणि सायकलवर घरी यायचं. दिवसा आमचे हे बापूसाहेब म्हणजे गरीब गाय. झोपले की मात्र करकरा दात खायचे, जात्यात खडा आल्यासारखे.

सासूबाई म्हणायच्या, पोटात जंत आहेत. म्हणून मी दर रविवारी वावडिंगाचा काढा पाजला. बिचारे तोंड वाकडं करून प्यायचे. जंत नव्हतेच, तर पडणार कुठून? शेवटी एकदा मी तडकले, "एक तर तुम्ही बाहेर झोपा, नाहीतर मी!" ते उशी घेऊन बैठकीत गेले.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या दाताचा टवका उडाला, तेव्हा आमच्या मुलानं, केतननं, त्यांना विजय नगरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी मापाची प्लास्टिकची पट्टी करून दिली, झोपताना वरच्या दातांवर बसवायची. हे खुशीत घरी आले. "फक्त थंड पाण्यानं धुवायची, अच्छा? आता आवाज नाही येणार. आत झोपू ना?"

मी मटार सोलत होते. धड ऐकलंही नाही. "पाहू आधी," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी बेसिनवर दिसली. तोंडातली वस्तू! आम्ही उष्टं-खरकटं भारी पाळतो. मी ती खळखळ उकळत्या पाण्यात टाकली, पुसली आणि डबीत ठेवून दिली.

बैठकीतून करकर येतच राहिली.

"पट्टी लावत नाही काहून?"

"लावून राहिलो ना."

आत झोपण्याचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. मीही नाही.

गेल्या महिन्यात दाढ दुभंगली. या वेळी मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी पट्टी उलटसुलट पाहिली. "ये तो टेढ़ी हो गई. गरम पानी में डाली थी क्या?"

"हां जी, मुझसे ही गलती हुई," हे चटकन म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तरी मी दोष त्यांच्यावरच राहू दिला. सांगायलाही लाज वाटते.

घरी आल्यावर विचारलं, "मी उकळली, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो."

"मग बोलले काहून नाही?"

"तुला थंड पाण्याचं सांगितलं होतं ना. मला वाटलं, मी आत यायला नको म्हणून तू मुद्दाम..."

सहा वर्षं हा माणूस असं समजून बाहेर झोपला. आणि मी रोज मधलं दार लावून घेत होते.