साहेबांचा कान

आमच्या मरोळच्या कारखान्यात आजारी पडायचं तर आधी साहेबांना आवाज पटावा लागे. गणपतीत अर्धे लोक कोकणात पळायचे आणि त्यांचे भाऊ इथून त्यांच्या नावानं फोन करून तापाने फणफणायचे. म्हणून साहेबांनी नियम काढला : रजेचा फोन ज्याचा त्यानं करायचा, आवाज साहेब स्वतः ओळखणार. "माझा कान चुकत नाही," ते म्हणत. गाण्याच्या मैफलीला ते पहिल्या रांगेत बसत. तिथं बसायला पास लागतो, कान नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट घाटकोपरला राहायची. पुढच्याच महिन्यात ती कायम व्हायची होती. ऐन गणपतीत तिला ताप भरला. एरवी ती वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून फोन करी. तो बंद होता, म्हणून नाक्यावरच्या वाण्याकडून केला. त्याचा फोन जुना, काळा. असल्या फोनच्या बोलायच्या टोकात कोळशाचे बारीक दाणे असतात, ते कालांतरानं घट्ट बसतात आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो.

ती कामावर परतली तेव्हा टेबलावर मेमो : दुसऱ्या बाईकडून फोन करवून गावी गेल्याबद्दल. डॉक्टरची चिठ्ठी साहेबांनी उघडलीही नाही.

"साहेब, आम्ही बौद्ध. आमच्याकडे गणपती बसत नाही."

"गावाला जायला काय, निमित्त लागतं?"

माझं डोकं फिरलं. "त्याच फोनवरून परत बोलू दे तिला. तुम्हीच ऐका." सगळ्या ऑफिससमोर ते हो म्हणाले.

दुपारी आम्ही दोघं वाण्याकडे गेलो. त्यानं रिसीव्हर सवयीनं गल्ल्यावर आपटून दिला. ती बोलली, मी शेजारी कान लावून उभा.

"हीच!" साहेब ओरडले. "त्या दिवशी हीच बाई बोलली होती!"

"मीच आहे ना साहेब..."

"गप्प बसा. आमची टायपिस्ट कुठाय?"

मी रिसीव्हर घेतला. "साहेब, ती इथंच उभी आहे."

"तू कोण?"

मी नाव सांगितलं. "त्याचा आवाज असा नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

वाणी खो खो हसला. "साहेबाला सांगा, इथून बायकोला फोन लाव एकदा. घरात घेते का बघ!"

मलाही हसू फुटलं. "हसू नकोस रे," ती मला म्हणाली. "माझी नोकरी आहे ती."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मलाच उलट विचारलं, "आवाज त्या दिवशीचाच होता की नाही?"

"होता."

"मग माझा कान चुकला?"

फोन भिकार होता, कबूल. पण कुणाला कायम करायचं ते फोन ठरवत नव्हता. तिला कायम केलं नाही. आम्ही सगळे पुन्हा टेबलांवर जाऊन बसलो.

ड्रॉवरमधला डबा आणि नॅपकिन पिशवीत टाकून ती केबिनच्या दाराशी थांबली. "येते, साहेब."

साहेबांनी कागदांतून मान वर केली नाही.

"कोण?"