समेटाचा शनिवार

आमच्या मंडळीत असा एकही माणूस नाही, ज्याच्याशी माझे आतोबा भांडलेले नाहीत. आणि असा एकही उंबरा नाही, जिथे त्यांनी माफी मागून चहा घेतलेला नाही. बऱ्हाणपुरात आम्ही ख्रिस्ती मुळातच मूठभर. पण माझ्या आत्याचे हे यजमान त्या मुठीतल्या प्रत्येक बोटाशी स्वतंत्र वाद घालू शकत. चर्चमधला पंखा जोरात आहे, नाताळची चांदणी वाकडी टांगली आहे, उपासनेनंतरच्या चहात आल्याचा नुसता भास आहे, कशावरूनही ठिणगी पडे. आवाज चढला की भुवयाही चढत, आणि त्या आठवडाभर खाली येत नसत.

मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, आणि कुणाशी अबोला धरून त्या भाकरीला आणि पेल्याला हात लावू नये, ही जुनी शिस्त. बाकीचे आम्ही डोळे मिटून मनातल्या मनात सगळ्यांशी समेट करून मोकळे होतो. आतोबांना ही पळवाट मान्य नव्हती. ज्याच्या तोंडावर भांडलो, त्याच्या तोंडावरच मिटवायचं. म्हणून आदल्या शनिवारी दुपारचं जेवण झालं की ते नाताळचा काळा कोट चढवत आणि सायकल काढत. शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत, कधी पुलावरून पार जैनाबादला. पुष्कळदा मीही बरोबर असे. त्या दुपारी आठवल्या की अजून गुंगी येते. तापीत पाणी आहे की नुसता उजेड ते कळू नये, केळीचे ट्रक सावकाश सरकताहेत आणि पुढे काळ्या कोटातली पाठ सायकलवर डुलत चालली आहे. आपण कुठे निघालो आहोत हेच मी विसरून जाई.

माफीही खास त्यांची. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणत, "माझी गलती झाली. पण पंखा तर जोरातच होता ना." समोरचा हसे, चहा येई, आणि कुणाच्या मुलीला पाहायला कोण आलं, कुणाच्या शेतातली मोटर जळाली, कोण तापाने पडून आहे, सगळं बाहेर पडे. रविवारी पाळकसाहेब आजाऱ्यांसाठी प्रार्थनेला उभे राहिले की नावं आतोबाच पुरवत. हे पाळकसाहेब नवीन आले तेव्हा त्यांनी आतोबांना राग आवरण्याचा सल्ला दिला होता. आतोबा महिनाभर इतके गोड वागले की लोकांना वाटलं, यांनाच काहीतरी झालंय. त्या महिन्यात मंडळीत खरोखर कोण आजारी आहे, हे मात्र कुणालाच कळलं नाही. पाळकसाहेबांनी सल्ला गुपचूप मागे घेतला.

गेल्या नाताळात मात्र तोल गेला. जैनाबादला आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांचे यजमान त्याच वर्षी वारले होते. बाईंनी गीत धरलं ते फारच संथ. आतोबा सगळ्यांदेखत म्हणाले, या चालीने बाळ येशूसुद्धा झोपून जाईल. सगळे हसले. बाई उठून घरी गेल्या, त्या पुन्हा चर्चला आल्याच नाहीत. शनिवारी आतोबा गेले तर त्यांनी दार उघडलं नाही. परतताना उतारावर सायकल घसरली आणि आतोबांचं खुब्याचं हाड मोडलं.

मग पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी येऊ लागले. आतोबा पेल्यावर हात ठेवत.

"साहेब, एक दार बाकी आहे."

देव सगळं समजून घेतो, असं पाळकसाहेबांनी सांगून पाहिलं. आतोबा म्हणाले, "देवाला समजतं हो. बाईंना कुठे समजलंय?"

महिने गेले, ते हटेनात. माणूस वाळत चालला. हे असेच, त्या भाकरीवाचून जातील, या भीतीने आत्या स्वयंपाकघरात रडायची. मलाही तीच भीती होती. शेवटी मी एकटाच जैनाबादला गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. मान खाली घालून निवडतच राहिल्या.

पुढच्या पहिल्या रविवारी दुपारी पाळकसाहेब आले, आणि त्यांच्या मागून रिक्षातून बाई उतरल्या. पलंगाशी बसल्या.

"शेवटी शेवटी आमच्या यांना गाताना दम पुरायचा नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून मी चाल हळू केली. आता जल्दी गायला जमतच नाही मला."

"माझी गलती झाली," आतोबा म्हणाले. मी पुढच्या 'पण'ची वाट पाहिली. तो आला नाही.

बाईंनी तेच गीत तसंच संथ गायलं. खिडकीतलं ऊन चादरीवरून सरकत होतं, आणि ते गीत कधी संपूच नये असं मला वाटत होतं. मग आतोबांनी भाकर घेतली, पेला घेतला. आत्याने डोळ्यांना पदर लावला.

बाई दारात चपला घालत होत्या, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "बाई, दुसरं कडवं मात्र चुकलं."

"बिलकुल नाही."

"चुकलंच."

"शनिवारी पुस्तक घेऊनच येते. बघू मग," असं म्हणून बाई तरातरा रिक्षात जाऊन बसल्या. आत्याने कपाळाला हात लावला.

बाईंनी तर बरोबर गायलं होतं, असं मी आतोबांना म्हटलं. त्यांनी डोळे मिटले.

"एकदम बरोबर गायलं," ते हळूच म्हणाले. "पण आता मला कुणाच्या दारी जाता येणार नाही ना."