वडनेर आणि चिखली, एकाच सर्व्हरवर

खामगावच्या बाहेर सरकीच्या तेलाचा एक कारखाना आहे. तिथल्या कॉम्प्युटर विभागात मी बारा वर्षं काम करते आहे. विभाग म्हणजे आज मी एकटी, काचेचं दार असलेली एक गार खोली, तीन सर्व्हर आणि खुर्चीच्या पाठीवर बारमाही टाकलेली माझी शाल. बाहेर मे महिन्यात डांबर पातळ होत असतं तेव्हाही मी आत शाल पांघरून बसलेली असते.

पूर्वी आम्ही दोघं होतो. तो वडनेर भोलजीचा, शेतकऱ्याच्या घरचा. मी चिखलीची, माझे वडील तहसील कचेरीत कारकून. तो माझ्या आधी दोन वर्षं लागला होता आणि हे तीन सर्व्हर त्यानंच उभे केले होते. त्यानं त्यांच्यावर असं सॉफ्टवेअर टाकलं होतं, की लोखंडाच्या एकाच डब्यात पाच-सहा वेगवेगळे सर्व्हर असल्यासारखं काम चालायचं. मी पहिल्या दिवशी गोंधळले, तेव्हा तो म्हणाला, "एका घरात पाच बिऱ्हाडं समजा मॅडम. चूल ज्याची त्याची, छत एक. घर दुरुस्तीले काढलं तर बिऱ्हाडं शेजारच्या घरात हलवायची. अन् हलवताना चूल इझू द्यायची नाही."

या बिऱ्हाडांना त्यानं गावांची नावं दिली होती. वजनकाट्याचं काम चालायचं ते वडनेर. हजेरीचं पिंपळगाव. मी लागल्यावर गोदामातल्या साठ्यासाठी नवीन मशीन, म्हणजे असंच एक बिऱ्हाड, बनवायचं होतं. त्यानं विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" आणि माझ्यादेखत टाइप केलं, चिखली.

लोकांसमोर आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणायचो. काचेचं दार लागलं की तू. हे कधी सुरू झालं ते मला आठवत नाही. मी घरी शाळामास्तरांसारखं मराठी बोलत वाढले, पण त्याच्याशी बोलताना माझ्या तोंडात आपोआप वऱ्हाडी यायची आणि मला त्याची गंमत वाटायची. चार वर्षं आम्ही रोज आठ तास त्या खोलीत होतो. सुट्टीच्या दिवशी मला करमायचं नाही. आई म्हणायची, हिला नोकरी फारच मानवली.

मग त्याला हैदराबादला नोकरी लागली. शेवटच्या आठवड्यात तो मला सगळं दाखवत होता, कुठली केबल कुठे जाते, कुठला पासवर्ड कुठे ठेवलाय. मधेच, स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "तिकडं अजून एक जागा आहे. असंच काम. तुझं नाव देऊ काय?"

आईचं तेव्हा नुकतंच ऑपरेशन झालं होतं. मी म्हटलं, "मला नाही जमणार रे, घरचं पाहा लागते."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढची केबल दाखवू लागला.

त्याला आता आठ वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. माझा नवरा खामगावलाच शाळेत शिकवतो. चांगला माणूस आहे. हे मी कुणाची समजूत काढायला लिहीत नाही, तो खरंच चांगला आहे. आम्हाला एक मुलगी आहे. आणि तरीही रोज सकाळी खोलीचं कुलूप काढताना, आत कुणीतरी आधीच येऊन बसलेलं असेल असं क्षणभर मला वाटतं. ती सवय काही गेली नाही.

यंदा ते जुनं सॉफ्टवेअर बदलणं भाग पडलं. ते बनवणाऱ्या कंपनीनं त्याचे सुधारित भाग देणं बंद केलं होतं, काही बिघडलं असतं तर विचारायला कुणी नव्हतं. पुण्याचा एक सल्लागार नेमला गेला. तो स्क्रीनवरून पाहणार आणि हात माझे चालणार. दिवस ठरला पोळ्याचा, कारण त्या दिवशी कारखाना पूर्ण बंद असतो. गोदामाचे काका मला म्हणाले, "अमावास्येले कशाले हात लावता मॅडम त्याले?" मी हसले, पण आदल्या दिवशी सगळ्याच्या प्रती दोनदा काढून ठेवल्या.

पद्धत सोपी असते. एका सर्व्हरवरची सगळी मशीनं शेजारच्यांवर हलवायची, रिकामा झाला की त्यावर नवीन सॉफ्टवेअर चढवायचं, मग मशीनं परत आणायची, मग दुसरा सर्व्हर. सकाळी आठला सुरुवात केली. अकरापर्यंत दोन सर्व्हर झाले. तिसरा मात्र रिकामा होईना. त्याच्यावरची बाकीची सगळी मशीनं गेली, दोन हलेनात. वडनेर आणि चिखली.

सल्लागारानं तासभर प्रयत्न केले. "काहीतरी जुनं सेटिंग आहे. ज्यांनी हे केलं ते आहेत का कंपनीत?" त्यानं विचारलं.

"नाहीत," मी म्हटलं.

"मग मी जेवून येतो, तोवर बघा कुणाला विचारता येतं का."

नंबर माझ्याकडे होता. आठ वर्षांत एकदाही लावला नव्हता. मी शाल नीट केली, जणू कुणी समोर येणार होतं, आणि फोन लावला.

"हॅलो, कोण?"

मी कारखान्याचं नाव सांगितलं. पलीकडे थोडा वेळ नुसता बैलांच्या घुंगरांचा आवाज.

"बोला मॅडम," तो म्हणाला.

मी घाईघाईत सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "वडनेर हलणारच नाही. काट्याच्या सॉफ्टवेअरची चावी आहे ना, पेनड्राइव्हसारखी, ती त्या सर्व्हरच्या पोटात लावेल आहे. बाहेर लावली तर कोणी उपटून नेईन म्हणून मी आतच लावली होती. झाकण उघडा लागते."

"आणि चिखली?"

तो म्हणाला, "मी गावातच आहो. पोळ्याले आलो. येऊ काय?"

मला 'नको' म्हणता आलं असतं. झाकण मीही उघडू शकले असते. मी म्हटलं, "ये."

तासाभरात तो मोटरसायकलवरून आला. केस कानाजवळ पांढरे झालेले, पोट जरा सुटलेलं, आणि दोन्ही हातांची बोटं हिंगुळानं लाल. "पोट्टं बैलाचे शिंगं रंगवून राह्यलं होतं, त्याले मदत करत होतो," तो म्हणाला. "संध्याकाळी पोळ्याच्या तोरणात बैल घेऊन उभं राहा लागते. चारले निघतो." त्यानं हात धुतले, रंग काही निघाला नाही. मग खोलीत येऊन त्यानं सवयीनं उजवीकडची खुर्ची ओढली. ती त्याचीच जागा होती. मी डावीकडे सरकले.

काम करताना आम्हाला फार बोलावं लागलं नाही. त्यानं हात पुढे केला की मी पेचकस द्यायचे. वडनेर आणि चिखली दोन्ही बंद केली, सर्व्हरची वायर काढली, झाकण उघडलं. धुळीत ती बोटाएवढी चावी अजून बसलेली होती. त्यानं ती काढून, फुंकून, दुसऱ्या सर्व्हरला लावली आणि वडनेर तिकडे सुरू झालं.

"आता चिखलीचं पाहा," तो म्हणाला. मी सेटिंगचं पान उघडलं. एक जुना नियम होता, त्याच्याच भाषेत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला: वडनेर अन् चिखली सोबतच ठेवणे. जिथे वडनेर, तिथे चिखली. म्हणून वडनेर अडकलं तशी चिखलीही अडकली होती. आठ वर्षं मी ते पान कधी उघडलंच नव्हतं.

"हे काऊन टाकलं होतं?" मी विचारलं.

"काट्यावरचं वजन लगेच साठ्यात जायले पाहिजे ना. तवा नेटवर्क मंद होतं. एका डब्यात असले तर पटकन जाते."

"एवढंच?"

तो आपल्या लाल बोटांकडे पाहत बसला. मग म्हणाला, "मी तुले विचारलं होतं ना. जाताना."

"हैदराबादचं? ते तू नोकरीचं विचारलं होतंस."

"मले तेवढंच विचारता येत होतं."

मला तेव्हा खरंच कळलं नव्हतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले आहे. त्या दुपारी त्याच्या शेजारी बसून मला तेही नक्की सांगता येईना. कदाचित थोडं कळलं होतं आणि तेवढ्याचीच मला भीती वाटली होती. मी म्हटलं, "मले वाटलं तू परत विचारशील."

"मले वाटलं तू नाही म्हणून सांगून टाकलं."

राग कुणालाच नव्हता. तो नियम मीच काढून टाकला आणि चिखली निमूटपणे दुसऱ्या सर्व्हरवर गेली. तिसऱ्याचं झाकण लावून वायर जोडली आणि त्यावर नवीन सॉफ्टवेअर चढायला लागलं. त्याला वीस मिनिटं लागणार होती. त्यानं पिशवीतून डबा काढला. "बायकोनं देल्ली. खा." पुरणपोळी अजून कोमट होती. मी दोन खाल्ल्या. त्यानं माझ्या मुलीचं विचारलं, मी त्याच्या मुलाचं. त्याला हैदराबाद आवडत नाही, पण मुलाची शाळा चांगली आहे. वडील थकलेत. जमीन कोण पाहणार, माहीत नाही. मी म्हटलं, इकडे हेड ऑफिसचा हुकूम आलाय, मशीनांना आता गावांची नावं चालणार नाहीत, आकडे द्यायचे. "काट्याले काय नाव?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, तीन अक्षरं आणि शून्य चार. तो हसला. "शून्य चारचा पोळा कुठं भरते म्हणा."

तीन वाजता सगळं सुरू झालं. फक्त काटा चालतो का ते पाहायचं राहिलं होतं आणि अख्ख्या आवारात तोलायला एक गाडी नव्हती. तो म्हणाला, "माझी मोटरसायकल आहे ना." आम्ही बाहेर गेलो. ट्रक जिथे उभे राहतात त्या लांबरुंद पत्र्यावर त्याची मोटरसायकल खेळण्यासारखी दिसत होती. केबिनमध्ये वॉचमन काका बसले. त्यांना मी बटण दाखवून आले.

"तूही बस," तो म्हणाला, "एवढ्याशा वजनाले हा काटा मोजतच नाही."

मी लॅपटॉप छातीशी धरून त्याच्या मागे बसले. चार वर्षं शेजारी बसून काम केलं, पण त्याच्या गाडीवर मी कधी बसले नव्हते. ऊन होतं. त्याच्या सदऱ्याला गोठ्याचा आणि साबणाचा वास येत होता. काका ओरडले, "दोनशे साठ!" आणि त्याच क्षणी माझ्या लॅपटॉपवर, साठ्याच्या नोंदीत, दोनशे साठ किलो उमटलं. आम्ही दोघंही मोठ्यानं हसलो. काकांना कळेना, हे कशाला हसतात.

मला उतरायचं होतं. मी थोडा वेळ उतरले नाही. त्यानंही गाडी हलवली नाही. मग मी उतरले.

"बरं मंग," तो म्हणाला.

"बैल वाट पाहत असतील," मी म्हटलं.

"हाव." त्यानं किक मारली. फाटकाशी तो थांबेल असं वाटलं. नांदुऱ्याकडून एक जीप आली म्हणून थांबला, ती गेल्यावर गेला.

मी परत आत गेले. सल्लागार स्क्रीनवर वाट पाहत होता. "झालं वाटतं! कसं काढलंत शोधून?" मी त्याला चावीचं सांगितलं. उरलेली तपासणी पाचपर्यंत केली, सगळ्या मशीनांची नावं बदलली, अहवाल पाठवला, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सातला पहिला ट्रक काट्यावर चढला. काही बदललंय हे कुणाला कळलंही नाही. आमच्या कामात तेच यश असतं.

पोळ्याच्या संध्याकाळी घरी आले तेव्हा नवरा मुलीला मातीचे बैल घेऊन कॉलनीतल्या पूजेला न्यायच्या तयारीत होता. मुलीच्या बैलाचा एक कान मोडला होता आणि ती रुसली होती. मी पिठाच्या गोळ्यानं कान चिकटवून दिला. नवऱ्यानं विचारलं, "झालं का तुझं अपग्रेड? अडलं नाही ना काही?"

"अडलं होतं. आमच्याकडे पूर्वी होता तो आला मदतीला. वडनेरचा."

"सणाच्या दिवशी आला? भला माणूस," नवरा म्हणाला. "अगं, मग घरी घेऊन यायचं होतंस ना जेवायला."

"त्याला तोरणात जायचं होतं," मी म्हटलं, आणि मुलीची चप्पल शोधायला आत गेले. चप्पल दारातच होती. तरी मी आत थोडा वेळ शोधत राहिले.