गिटारचा आवाज कुणाच्या हाती

विंझर गावी बाबासाहेबांच्या जयंतीत शेफाली ओव्हाळनं गिटारवर एक लांब तुकडा वाजवला आणि तो कुणालाही ऐकू आला नाही. तिची बोटं बरोबर पडत होती, तारा थरथरत होत्या, पण मैदानातल्या मोठ्या स्पीकरमधून येत होता तो फक्त कीबोर्ड, ढोलकी आणि कुमारदादांचा गळा.

कुमारदादा पार्टीचे मालक आणि मुख्य गायक. भोर-वेल्ह्यात त्यांच्या गायन पार्टीला मान होता. एप्रिल-मेमध्ये जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की एक रविवार रिकामा जात नसे. पार्टीत बाया दोनच. एक गाणारी स्नेहल आणि दुसरी गिटारवाली शेफाली. बॅनरवर शेफालीचा फोटो कुमारदादांच्या खालोखाल मोठा असायचा. गिटार छातीशी धरलेली, केस मोकळे सोडलेले.

कार्यक्रम संपल्यावर ती वायर गुंडाळत होती, तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरची एक म्हातारी स्टेजच्या कडेला आली.

"पोरी, राग धरू नगंस. पर तू खरंच वाजवत व्हतीस, का नुसती धरून हुबी व्हतीस?"

शेफालीनं वायर खाली टाकली. ती तशीच अजितकडं गेली. अजित पार्टीचा साउंडवाला. सगळ्यांच्या वायरी त्याच्या मिक्सरमध्ये जायच्या आणि कुणाचा आवाज किती सोडायचा ते तो ठरवायचा.

"माझा आवाज किती ठेवला व्हतास?"

"ठेवला व्हता की."

"किती?"

अजित हसला. "अगं, पब्लिकला तू दिसलीस, झालं. ऐकायला कीबोर्ड हाय. दोन्ही सोडलं की खिचडी व्हती."

कुमारदादा बाजूलाच चहा पीत उभे होते. त्यांनी ऐकलं आणि दुसरीकडं पाहिलं. भोरला परत येताना टेम्पोत शेफाली हिशेब करत होती. तीन सीझन ती या पार्टीत वाजवत होती. म्हणजे तीन सीझन लोकांनी तिला फक्त पाहिलं होतं.

शेफाली तेव्हा एकतीस वर्षांची. सारोळ्याजवळ हायवेला एक प्लास्टिकची कंपनी आहे, तिथं ती माल तपासायच्या टेबलावर कामाला. वडील लवकर गेले. आई चंद्राबाईंनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करून हिला आयटीआय शिकवलं. गिटार ती पुण्यात आयटीआयच्या हॉस्टेलवर शिकली, खोलीतल्या मैत्रिणीच्या जुन्या गिटारवर. मैत्रीण कंटाळली, शेफालीची मात्र गिटार सुटली नाही. लग्न ठरायच्या वेळी एका स्थळानं "ते वाजवायचं बंद करायला लागेल" असं सांगितलं होतं. तिनं स्थळच बंद केलं. चंद्राबाई चार दिवस बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी म्हणाल्या, "त्या पोराचं नाक बी काय बरं नव्हतं."

घरी तिच्याकडं एक छोटा ॲम्प होता, कंपनीतल्या एका मुलाकडून घेतलेला. ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र. पण ह्या ॲम्पला स्वतःचा स्पीकर नव्हता. त्याला स्पीकरची पेटी वेगळी जोडावी लागते, तिला वाजवणारे कॅबिनेट म्हणतात. शेफाली आजवर हेडफोन लावूनच भागवत होती. विंझरनंतर तिनं ठरवलं की कॅबिनेट घ्यायचं आणि ते स्वतःच्या पाठीमागं ठेवायचं. मिक्सरमध्ये कुणी काहीही करो, पाठीमागची पेटी वाजतच राहणार.

कुमारदादांना कळलं तेव्हा ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "घ्यायचंच असेल तर लहानसं घे. घरी सरावाला व्हईल. स्टेजवर कशाला पसारा?"

कंपनीतला तो ॲम्प विकणारा मुलगा म्हणाला, "ताई, घ्यायचं तर चार स्पीकरवालं घ्या. भिंतीसारखं. मागं उभं केलं की कुणाची टाप न्हाई."

शेफालीच्या मनात ती भिंतच भरली. रात्रंदिवस ती मोबाईलवर तसल्या कॅबिनेटपुढं उभ्या राहून वाजवणाऱ्या बायका बघायची. एका संध्याकाळी तिनं आईला फोटो दाखवला. चंद्राबाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

"हे कपाट उचलायचं कुणी?"

"पोरं हायेत की पार्टीतली."

"पोरं म्हंजे कुमारचीच ना?" चंद्राबाईंनी चष्मा काढला. "तुला एकटीला उचलंल तेच घे. त्यांनी उचलायचं म्हंजे कुठं ठेवायचं ते बी त्येच सांगणार."

शेफाली चिडली. पण बोलणं मनात राहिलं.

सुट्टीच्या दिवशी ती स्नेहलला घेऊन एसटीनं पुण्याला गेली. ॲम्प पाठीवरच्या सॅकमध्ये आणि गिटार हातात. दुकान मोठं होतं, आत एसी. काउंटरवरच्या माणसानं दोघींकडं पाहून सरळ सर्वांत लहान कॅबिनेटकडं बोट केलं. त्यात एकच स्पीकर होता.

"मॅडम, घरी वाजवायला हे छान आहे."

"घरी वाजवायला माझ्याकडं हेडफोन हाय," शेफाली म्हणाली. "मला मैदानात वाजवायचंय. आणि तालमीला पण. सगळी दाखवा. आणि मोठ्यानं वाजवून बघणार."

आधी तिनं भिंतीला हात घातला. चार स्पीकरचं कॅबिनेट तिच्या छातीएवढं होतं. पहिली तार छेडली आणि पोटात धक्का बसला. स्नेहल "आई गं!" म्हणून हसली. शेफालीला वाटलं, संपलं, हेच. पण मग तिनं आवाज तालमीच्या खोलीत चालेल इतका उतरवला. तेव्हा तेच कॅबिनेट रजईत गुंडाळल्यासारखं वाजायला लागलं. उचलून बघितलं तर एक कोपरा हलला, तेवढाच.

मग दोन स्पीकरचं आडवं कॅबिनेट. आवाज मोकळा होता. पण ते जमिनीवर होतं आणि शेफाली त्याच्या अगदी पुढं उभी होती, त्यामुळं तिला आवाज पोटरीला लागत होता, कानाला नाही. ती स्नेहलला म्हणाली, "तू नुसत्या तारा वाजव." आणि स्वतः दुकानाबाहेर जाऊन रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली. तिथं आवाज खणखणीत येत होता. म्हणजे लोकांना ऐकू जाणार आणि हिला नाही. तिनं ते कॅबिनेट दोन्ही हातांनी उचललं, दुकानाच्या पायऱ्यांपर्यंत नेलं. कंपनीत क्रेट उचलायची सवय होती, तरी मध्ये एकदा टेकावं लागलं.

शेवटी ती पुन्हा त्या लहानग्याकडं आली. एका हातात सहज आलं. हळू आवाजातसुद्धा प्रत्येक सूर सुटा ऐकू येत होता. मोठ्यानं वाजवलं तर मात्र पंधरा हातांवर दम संपला.

तिनं ते एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन बघितलं. मग म्हणाली, "ह्याच्यासारखं दुसरं आहे का?"

"आहे ना. पण आधी हे बघा, आवडतंय का—"

"तसं न्हाई. दोन घेतली आणि एकावर एक ठेवली तर?"

दुकानदार थबकला. "असं फारसं कोणी घेत नाही. दोन स्पीकर हवे असतील तर लोक सरळ ते आडवं घेतात."

"माझा ॲम्प दोन पेट्या ओढंल ना? जळणार न्हाई ना?"

त्यानं ॲम्प उलटा करून मागचे आकडे पाहिले, कॅबिनेटचे पाहिले, आणि म्हणाला, "चालतील. दोन्ही सारखीच हवीत मात्र."

दोन्ही एकावर एक रचली तेव्हा वरचा स्पीकर तिच्या कमरेच्या वर आला. तिनं वाजवलं. आवाज कानापर्यंत आला, रस्त्यापलीकडं जाऊन उभ्या राहिलेल्या स्नेहलनंही हात वर केला. तालमीला एकच न्यायची, स्टेजवर दोन्ही. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक.

"गाडी कुठं लावलीय? माणूस देतो सोबत," दुकानदार म्हणाला.

"नको. नेते म्या," म्हणून तिनं गिटार स्नेहलच्या हातात दिली.

भोरच्या एसटीत कंडक्टरनं दोन्हींचं सामानाचं तिकीट फाडलं आणि तिनं ती मागच्या सीटवर खिडकीशी बसवली.

पहिली तालीम तिच्या मनाजोगी झाली नाही. समाजमंदिराच्या हॉलमध्ये तिनं एक कॅबिनेट खुर्चीवर ठेवलं आणि वाजवायला सुरुवात केली. पहिल्यांदाच सगळ्या पार्टीला तिची गिटार ऐकू आली, आणि पहिल्यांदाच तिच्या चुकाही. ढोलकीवाले गेनूमामा मध्येच थांबले.

"शेफाली, तू पळतीयास. लय सोडून म्होरं जातीयास."

"आणि अंतऱ्यात एक सूर चुकीचा लागतोय," स्नेहल हळूच म्हणाली. "एवढे दिवस कळलंच नाही गं."

अजितनं कोपऱ्यातून टाळी वाजवली. "म्हणून म्या झाकून ठेवत व्हतो."

शेफालीनं तारा दाबून आवाज बंद केला. ती रागानं म्हणाली, "झाकलंस म्हणूनच दुरुस्त झालं न्हाई. मला ऐकूच येत नव्हतं तर कळणार कसं?" त्यानंतर रोज कंपनीच्या बसमधून उतरलं की ती गेनूमामांच्या घरी जायची. ते ओसरीत बसून ढोलकीवर नुसता ठेका धरायचे आणि ती त्यांच्या मागं मागं वाजवायची. पंधरवड्यात पळणं थांबलं. चुकीचा सूर जायला त्याहून जास्त दिवस लागले.

मग वेल्ह्याचा कार्यक्रम आला. मैदान गच्च भरलं होतं, ऊन नुकतं उतरलं होतं. टेम्पोतून सामान काढताना कुमारदादा म्हणाले, "तुझ्या त्या पेट्या टेम्पोतच राहू दे आज. स्टेज लहान हाय."

शेफालीनं स्टेज पाहिलं. कुमारदादांच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या ठेवायला जागा होती. तिनं दोन्ही हातांत दोन पेट्या घेतल्या आणि पायऱ्या चढून गेली. स्वतःच्या पाठीमागं एकावर एक रचल्या.

अजित धावत आला. "अगं, ह्येचा आवाज माझ्या हातात न्हाई."

"म्हणूनच आणल्यात."

"दादा, बघा ही काय म्हणती!"

कुमारदादा जवळ आले. मंडळाची माणसं बघत होती म्हणून आवाज खाली ठेवला. "शेफाली, पार्टी माझी हाय. कुणाचं काय ऐकू जाईल ते म्या ठरवणार. एकतर ह्या पेट्या, न्हाईतर पार्टी."

"दादा, तुमी गाता ते बाबासाहेबांच्या नावानं गाता ना?" शेफाली पेटीला वायर जोडता जोडता म्हणाली. "आपल्या माणसांनी तोंड उघडावं म्हणून गाता. मग माझंच का दाबता? आज कार्यक्रम लागलाय, वाजवून जाते. उद्याचं उद्या बघा."

कुमारदादा मंडळाच्या माणसांकडं बघून हसले आणि आपल्या माइककडं गेले.

तिच्या पेटीसमोर अजितनं माइक ठेवला नाही. त्यामुळं गिटार मैदानातल्या मोठ्या स्पीकरमधून आली नाही, फक्त तिच्या दोन पेट्यांमधून आली. मागं उभ्या असलेल्या पुरुषांना ती नीट ऐकू गेली नाही. पण स्टेजसमोर सतरंज्यांवर बाया आणि पोरी बसल्या होत्या, त्यांच्यापर्यंत एकेक सूर पोचला. तिसऱ्या गाण्यात ती कुमारदादांच्या ओळीला गिटारनं उत्तर देत होती आणि पुढची रांगच्या रांग तिच्याकडं वळून बसली होती. स्नेहल गाता गाता तिच्या बाजूला येऊन उभी राहिली. गेनूमामांनी मान न उचलता ठेका अजून पक्का धरला. शेफाली पळाली नाही. एका ठिकाणी बोट घसरलं, ते पुढच्या रांगेला ऐकू गेलंच. तिला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये तिनं मोबाईल उघडला. पार्टीच्या ग्रुपमधून तिला काढलं होतं. पुढच्या बॅनरवर तिच्या जागी एका भाडोत्री मुलीचा फोटो आला, गिटार छातीशी धरलेली. ती मुलगी वाजवत नव्हती, असं नंतर कळलं.

शेफालीला वाईट वाटलं. ग्रुपमधून काढलं त्या संध्याकाळी घरी येऊन ती जेवली नाही. चंद्राबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "कुमारनं तुला शिकवलं व्हतं का?"

"न्हाई."

"पेट्या त्यानं घेऊन दिल्या?"

"न्हाई."

"मग त्यानं काय काढून घेतलं? जेव."

स्नेहल महिनाभर कुमारदादांकडंच होती. मग एका रविवारी ती आली आणि म्हणाली, "मी बी सोडली." गेनूमामांनी दोन्हीकडं वाजवायचं ठरवलं. "म्या म्हातारा माणूस," ते म्हणाले, "मला कोण ग्रुपमधनं काढतंय? मी ग्रुपात न्हाईच." असे तिघंजण झाले. मोठी मैदानं मिळाली नाहीत. मार्गासनीला एक बारसं, भोरात एक हळद, कधी कुणाच्या तरी निवृत्तीचा सत्कार. दोन-तीन महिने एकही बोलावणं आलं नाही, तेव्हा तिघं नुसती तालीम करत राहिले.

पुढच्या सीझनला कुमारदादांचा स्वतःचा फोन आला. "मोठा कार्यक्रम लागलाय. लोक विचारतात, ती गिटारवाली कुठं हाय. ये. पेट्या पण आण."

"पेटीसमोर माइक लावणार?"

"लावू की."

"अन् त्या माइकचा आवाज?"

"तो अजित बघंल. ते त्याचं काम हाय."

"मग त्याला पहिल्यांदा माझ्या तालमीला पाठवा. काय वाजवते ते ऐकू दे, मग बघू दे." फोन कट झाला. अजित काही आला नाही.

कुमारदादांचा तो मोठा कार्यक्रम झाला त्याच दिवशी ह्या तिघांचा कार्यक्रम सारोळ्याला होता, हायवेच्या कडेला, एका छोट्या मंडळाचा. ट्रक धडधडत जात होते, नदीकडून वारा येत होता. शेफालीनं दोन्ही पेट्या वाऱ्याकडं पाठ करून मांडल्या, गेनूमामांना आपल्या डाव्या हाताला बसवलं आणि पहिलं गाणं सुरू केलं. अर्ध्यात मंडळाचा एक पुढारी मोबाईल कानाला लावून स्टेजजवळ आला.

"ओ ताई, जरा कमी करा! साहेबांचा फोन हाय, काय ऐकायला येईना!"

शेफालीनं हात थांबवला नाही. हनुवटीनं त्याला हायवेपलीकडचं हॉटेल दाखवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "तिकडं जाऊन बोला. तिकडं शांत हाय."