दुपारी चारचं लक्षण

मामंजींचं पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. मामंजी म्हणजे माझे सासरे. साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी होमिओपॅथीला वाहिलं. पुस्तकात त्यांनी स्वतः पारखलेल्या औषधांची लक्षणं आहेत. त्यातल्या शेवटच्या औषधाखाली जाड अक्षरांत छापलंय: ‘दुपारी चारच्या सुमारास छातीत धडधड व भीती. दाराची कडी वाजताच दचकणे. पाचनंतर उतार.’ ही ओळ माझी आहे. तिच्यापायी माझी मुलगी माझ्या हातची जायची वेळ आली होती, म्हणून ती पुस्तकात कशी शिरली ते एकदा लिहून ठेवते.

होमिओपॅथीच्या ग्रंथांत औषधाचं वर्णन येतं कुठून, हे गोळ्या खाणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. धडधाकट माणसाला औषध देतात आणि त्याला जे जे होईल ते लिहून घेतात. मग तसंच ज्या आजाऱ्याला होत असेल त्याला ते औषध. मामंजींचा या शास्त्रावर विश्वास होता, ग्रंथांवर नव्हता. जाडजूड इंग्रजी ग्रंथ पुढ्यात घेऊन ते चिडचिड करत. म्हणत, “एकाचं बघून दुसऱ्यानं उतरवलंय. ज्याला झालं तो माणूस कुणी पाहिलाय?” म्हणून त्यांनी स्वतःच औषधं पारखायला घेतली. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून एक वेल आणली, तिचा अर्क काढला, तो थेंबाथेंबानं पातळ करत नेला आणि साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांत मुरवला. गोळ्या घ्यायला ओळखीतली सहा माणसं तयार झाली. सातवी मी.

महायुद्ध चालू होतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत यांची पलटण समुद्रापार गेली होती. पत्रं येत, पण त्यांवर गावाचं नाव नसे आणि मधल्या ओळी शाईनं काळ्या केलेल्या असत. नंतर तीही येईनाशी झाली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी आणि मामंजी, दोघंच. त्या काळी सुनेनं सासऱ्यापुढे नवऱ्याची आठवण काढणं म्हणजे निर्लज्जपणा. मामंजी बाहेरच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. भाजीत मीठ कमी-जास्त झालं तर बोलणं व्हायचं, एरवी नाही.

तर मामंजींनी मला एक कोरी वही दिली आणि नियम सांगितले. कांदा, लसूण, कॉफी बंद. देवापुढे कापूर लावायचा नाही. दुसऱ्या कुणाची वही पाहायची नाही. आणि मुख्य नियम, जो त्यांनी दोनदा सांगितला: “सूनबाई, जे होईल ते लिहायचं. का झालं ते लिहायचं नाही. कारण शोधणं तुझं काम नव्हे.”

हा नियम माझ्या किती पथ्यावर पडला, हे त्यांना कुठून कळणार?

टपाल आमच्या गल्लीत दुपारी चारला यायचं. साडेतीनपासून माझे हात गार पडत. पोस्टमन वळणावर दिसला की छाती अशी उडायची की मी भिंतीला टेकून उभी राहायची. शेजारच्या घरात एका दुपारी तार आली होती आणि त्या बाईंचा हंबरडा मी ऐकला होता, तेव्हापासून कडी वाजली की हातातलं भांडं पडायचं. पोस्टमन पुढे निघून गेला की आज पत्र नाही आणि तारही नाही, एवढ्यावर जीव खाली बसायचा. हे मी कुणाला सांगणार होते? वहीला सांगितलं. ‘चारला धडधड. एकटं राहवत नाही, कुणी जवळ आलेलंही सोसत नाही. पाचला बरं.’ रोज लिहीत होते आणि लिहिताना मला हलकं वाटत होतं. औषधाच्या नावाखाली मी मनसोक्त भ्यायले. यात आपण काही खोटं करतोय असं मला एकदाही वाटलं नाही.

महिन्यानं वह्या गोळा झाल्या. मामंजी आठवडाभर त्या चाळत बसले होते. एका सकाळी ते इतके खुशीत होते की त्यांनी स्वतः चहा मागितला आणि म्हणाले, “सापडलं. दोघांना नेमकं एकाच वेळी, एकच लक्षण.” दोन वह्यांत आढळलेलं लक्षण जाड अक्षरांत छापायचं, असा त्यांचा दंडक होता. दुसरं कोण, हे मी विचारलं नाही. सुनेनं विचारायचं नसतं. शिवाय आपल्यासारखं आणखी कुणाला होतंय, तर खरोखर औषधानंच झालं असेल, असं मलाही वाटून गेलं.

पुढे हे सुखरूप परत आले. सांगलीला नोकरी लागली, विश्रामबागेकडे भाड्याचं घर मिळालं, मामंजीही आमच्याबरोबर आले. युद्ध संपल्यावर कागद मिळू लागला आणि मामंजींनी पदरमोड करून पुस्तक छापलं. वाई, कराड, उंब्रजपर्यंत ओळखीच्या वैद्य-डॉक्टरांना प्रती आणि त्या गोळ्यांची एकेक बाटली पाठवली.

मुलगी दीड वर्षाची असताना तापली. हे फिरतीवर कोल्हापुरास गेलेले. पहिल्या दिवशी मामंजींनी गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी बदलल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ती श्वास घेताना कण्हू लागली. नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखाली खळगा पडत होता. मी म्हटलं, मिरजेला मोठ्या दवाखान्यात नेऊ या. मामंजी म्हणाले, “थांब. आता लक्षण दिसायला लागलंय.”

ते खुर्चीवर घड्याळ घेऊन बसले होते आणि पोरीचं निरीक्षण करत होते. चार वाजायला आले. मोलकरणीनं बाहेरून कडी वाजवली आणि पोर दचकून किंचाळली. मी उचलून घेतलं तर अंग मागे झोकून देत होती, खाली ठेवलं तर हात पसरत होती. मामंजींनी पुस्तक उघडलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला ओळ वाचून दाखवली, माझीच ओळ, आणि म्हणाले, “तंतोतंत. एक मात्रा द्यायची आणि उद्या सकाळपर्यंत मध्ये दुसरं काही घालायचं नाही.”

त्यांनी बाटलीचं बूच काढलं. माझ्या मांडीवर पोर धापा टाकत होती आणि मला समोर साताऱ्याची गल्ली दिसत होती. सांगितलं तर ज्या माणसानं आयुष्यभर एकच पुस्तक लिहिलं, त्याचं पुस्तक मी त्याच्या तोंडावर फाडणार होते. नाही सांगितलं तर उद्याची सकाळ. मला मामंजींचा राग आला, त्यांच्या नियमांचा आला आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला.

“मामंजी, ते औषधाचं लक्षण नाही.”

ते बूच हातात धरून थांबले.

“ते मी लिहिलंय. चारला पोस्टमन यायचा. मी यांच्या पत्राची वाट बघायची. तारेला भ्यायची. गोळ्या घेतल्या नसत्या तरी तेच झालं असतं. तुम्ही कारण लिहू नको म्हणालात, म्हणून लिहिलं नाही.”

इतकं लांब मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. ते माझ्याकडे न बघता पानाकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, “पण ते जाड अक्षरांत आहे. तुझ्या एकटीचं नाही ते. दोघांना झालंय.”

“मग दुसरं कोण ते सांगा,” मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. “सांगा, मी त्यांना आत्ता जाऊन विचारते, चारला तुमच्याकडे काय व्हायचं.”

मामंजींनी पुस्तक मिटलं. बूच परत बाटलीला लावलं. मग टोपी घातली आणि स्वतः टांगा आणायला गेले.

मिरजेचा रस्ता तेव्हा खड्ड्यांचा. टांगेवाल्यानं एकदा मागं वळून पोरीकडं पाहिलं. “आवं बाई, लय दम लागलाय हिला. उभी धरा, आडवी नगा घिऊ,” म्हणाला आणि घोड्याला चाबूक दाखवला. मी पोरीला छातीशी उभी धरून तिचे श्वास मोजत होते. एक श्वास चुकला की माझाही चुकत होता. मामंजी पुढे टांगेवाल्याजवळ बसून बाहेर बघत होते.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि न्यूमोनिया सांगितला. उद्यावर टाकलं असतं तर काही सांगता आलं नसतं, असंही म्हणाले. सुई दिली, गोळ्या कुटून दिल्या. दोन दिवस ती तशीच होती. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि तिनं दूध मागितलं. तेव्हा मला रडू आलं, आणि मी मामंजींच्या देखत रडले.

ते व्हरांड्याच्या बाकावर बसले होते. मी डोळे पुसत बाहेर आले तशी त्यांनी बाजूला सरकून जागा केली. मी उभीच राहिले.

“दुसरी वही माझी होती,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

“सहा आले होते, तू सातवी, मी आठवा. गोळ्या मीही घेत होतो. चारला धडधड, कडी वाजली की दचकणं, पाचला उतार. मीही लिहिलं होतं. बापानं सुनेपुढे काय बोलायचं? तिला धीर द्यायचा तर आपलं तोंड कोरडं पडलेलं.” मग म्हणाले, “तुझी वही वाचली आणि मला आनंद झाला, सूनबाई. वाटलं, म्हणजे मी भीत नव्हतो. औषधाचाच गुण होता तो.”

मी बाकावर त्यांच्याशेजारी बसले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांच्याशेजारी बसण्याची ती पहिलीच वेळ. महिनाभर एकाच घरात, मधल्या एका भिंतीच्या दोन बाजूंना, आम्ही एकाच पोस्टमनची वाट पाहिली होती.

घरी आल्यावर मामंजींनी ज्यांना ज्यांना प्रती पाठवल्या होत्या त्यांना कार्डं लिहिली: अमुक पानावरची ओळ चुकीची आहे, खोडावी. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. उंब्रजच्या एका वैद्यांचं मात्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, ‘ओळ खोडत नाही. आमच्या गावात पुष्कळ घरांतली माणसं पलटणीत आहेत. मागे राहिलेल्या बायकांना दुपारी हीच धडधड होते. आपल्या गोळ्या देतो, आणि पाचनंतर खरोखर उतार पडतो.’

मामंजींनी कार्ड दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. “उत्तर तू लिही,” म्हणाले.

मी लिहिलं, ‘तुमच्या गावात टपाल किती वाजता येतं, तेवढं त्या बायकांना विचारा.’

खाली मामंजींचं नाव घालणार, तर त्यांनी माझा हात अडवला. म्हणाले, तुझी सही कर. पुस्तकात मी ‘एक निरोगी स्त्री’ होते. कार्डावर मी पहिल्यांदा माझं नाव लिहिलं. मग त्यांनी टाक घेतला आणि माझ्या सहीखाली आपली सही केली.